कॅशबॅक घ्यावा की विमानतळावरचा फुकट नाश्ता?

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, एका खासगी शाळेत शिकवते. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. मुलगी जर्मनीत शिकते आहे आणि येत्या मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. राहायला तिची खोली आहे. बाकी फिरणं, खाणं, दोन-चार दिवस हॉटेल असा तिकडचा खर्च दोन लाख धरलाय. त्यासाठी क्रेडिट कार्ड घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. धाकटे दीर म्हणतात, कॅशबॅकचं घ्या, पैसे सरळ बिलातून वजा होतात. पुण्याचा भाचा म्हणतो, मामी, ट्रॅव्हल कार्ड घे. वर्षाला पाच हजार फी आहे, पण विमानतळावरचा लाउंज (खाण्यापिण्याची सोय असलेला विश्रांतिकक्ष) फुकट, एअर माइल्स (विमान तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट) मिळतात आणि परदेशातलं शुल्कही कमी. दिरांनी टीसीएसचीही (परदेशी खर्चावर आगाऊ कापून घेतात तो कर) भीती घातली आहे. आमचा महिन्याचा खर्च असा : किराणा ६,०००, दूध-भाजी ५,०००, पेट्रोल ३,५००, वीज-गॅस-मोबाईल ४,५००, ऑनलाइन खरेदी ६,०००, औषधं-कपडे-हॉटेल ३,०००. विम्याचे हप्ते वर्षाला ६०,०००. कपाटात एक जुनं कार्डही पडून आहे, त्याचे दरवर्षी ५९० रुपये कापले जातात. काय करावं?
— एक शिक्षिका, विश्रामबाग

उत्तर : ताई, खर्च आकड्यांनिशी लिहून पाठवलात, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. बहुतेक पत्रांत ‘सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?’ एवढंच असतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं?

तुमचे दीर वर्षभराच्या घरखर्चाचं बोलताहेत आणि भाचा तीन आठवड्यांचं. दोन्ही एकाच कार्डात बसवायला गेलात तर कुठेतरी पैसे सांडणार. आधी घरखर्च बघू.

बाजारात चालणाऱ्या कॅशबॅक कार्डांचा साधारण ढाचा असा असतो : ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात मशिनवर १ टक्का, वार्षिक फी हजाराच्या आसपास, आणि वर्षात दोन लाखांचा खर्च झाला की ती माफ. जाहिरातीत ५ टक्के ठळक छापलेले असतात. न मोजल्या जाणाऱ्या खर्चांची यादी बारीक अक्षरांत खाली असते. पेट्रोल, वीजबिल, विमा, सोनं, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, बऱ्याचदा शाळा-कॉलेजची फी. म्हणजे मध्यमवर्गीय घराचा अर्धा संसार त्या यादीत जातो.

तुमचंच बघा. महिन्याचे २८,००० आणि वर्षाचा विमा मिळून घरखर्च जवळपास चार लाखांचा होतो. त्यातून पेट्रोल, बिलं, विमा काढले, दूध-भाजी काढली (मंडईतली मावशी कार्ड घेत नाही), की उरतात ऑनलाइनचे ७२,००० आणि किराणा-औषधं-कपड्यांचे १,०८,०००. पहिल्यावर ५ टक्क्यांनी ३,६०० रुपये, दुसऱ्यावर १ टक्क्याने १,०८०. बेरीज ४,६८०. फी ९९९ असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून ती १,१७९ होते. ती वजा केली की हातात साडेतीन हजार. दिरांना वाटतं तेवढी लयलूट यात नाही, पण हे रुपये आहेत. बिलात वजा होतात, त्यांची मुदत संपत नाही आणि त्यांचा भाव बँकेला एका ईमेलने बदलता येत नाही. दुकानातल्या १ टक्क्यासाठी मात्र जीव टाकू नका. इलेक्ट्रॉनिक्सवाला किंवा सराफ ‘कार्डावर दोन टक्के जादा पडतील’ म्हणाला, तर एक मिळवायला दोन द्यायचे का, हे तुम्हीच ठरवा.

किराण्याचं एक निराळं आहे. गणपती पेठेतल्या बऱ्याच दुकानांत कार्डाचं मशिन नसतं, पण क्यूआरचा कागद गल्ल्यावर चिकटवलेला असतो. २०२२ पासून रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखं भारतीय नेटवर्क) क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणजे तोच कागद स्कॅन करून क्रेडिट कार्डातून पैसे देता येतात. क्यूआर दुकानाच्या नावचा, व्यापारी खात्याचा हवा. दुकानदाराने स्वतःचा घरगुती क्यूआर लावला असेल तर चालत नाही. त्यामुळे कॅशबॅक कार्ड रुपेवर मिळत असेल तर त्याला झुकतं माप द्या. पण यूपीआयने दिलेल्या पैशांवर कॅशबॅक पूर्ण मिळतो, कमी मिळतो की अजिबात नाही, हे प्रत्येक कार्डाचं वेगळं असतं. अर्ज करायच्या आधी एवढा एक प्रश्न विचाराच. रेल्वेचं तिकीट मात्र यूपीआयनेच काढत जा, कार्डापेक्षा तिथे आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क कमी आहे.

आता भाच्याचं कार्ड. त्याच्यासाठी ते खरोखर चांगलं असेल. पुण्याच्या आयटी कंपनीतली ही पोरं महिन्याआड लोहगावहून उडतात. तिकीट-हॉटेलचे पैसे कंपनी परत देते आणि पॉइंट जमा होतात यांच्या कार्डावर. दुसऱ्याच्या खर्चावर बक्षीस मिळत असेल तर पाच हजार फी काहीच नाही. तुमचा प्रवास मिरज जंक्शनवरून सुरू होतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसणाऱ्या माणसाला एअर माइल्स कोण देणार?

लाउंजचं गणित मी लोकांना एकाच पद्धतीने मांडायला सांगतो. तिथे किती रुपयांचं खायला मिळतं ते मोजायचं नाही, लाउंज नसता तर तुम्ही विमानतळावर किती खर्च केला असता ते मोजायचं. तुम्ही दोघं डबा घेऊन जाणारी माणसं असाल (आणि सांगलीकर प्रवासाला भडंगाचा पुडा घेतल्याशिवाय निघत नाही), तर ती बचत दोन कॉफींची. त्यात हल्ली बऱ्याच बँकांनी लाउंजला खर्चाची अट जोडली आहे. आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केले असतील तरच या तिमाहीत दार उघडतं. मे महिन्यात जायचं म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये ती अट पुरी व्हायला हवी. आणखी एक मेख : पुष्कळ कार्डांवर मिळतो तो देशांतर्गत लाउंज. तुमचं विमान मुंबईहून परदेशी जाणार. इमिग्रेशन ओलांडल्यावर तो फुकट लाउंज चालत नाही, आंतरराष्ट्रीय लाउंजचा कोटा वेगळा असतो. मिस्टरांना सोबत न्यायचं तर त्यांच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड तरी लागतं किंवा पाहुण्याचे पैसे तरी मोजावे लागतात. एकटीने आत जाऊन बसणार आहात का?

तरी भाच्याच्या बोलण्यातला एक शब्द मी सोडणार नाही. ‘परदेशातलं शुल्क’. घरातल्या वादात कुणाचं तिकडे लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि तुमचे खरे पैसे तिथेच जाणार आहेत.

परदेशात कार्ड वापरलं की बँक व्यवहाराच्या रकमेवर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनासाठीचं जादा शुल्क, लावते. बहुतेक साध्या कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. तुमच्या दोन लाखांवर मार्कअप ७,०००, जीएसटी १,२६०, मिळून ८,२६० रुपये. दिरांच्या कार्डाने वर्षभर ऑनलाइन, किराणा, औषधं करून जो साडेतीन हजार निव्वळ कॅशबॅक दिला असता, तसा दोन वर्षांहून अधिक काळाचा कॅशबॅक जर्मनीतल्या तीन आठवड्यांत गेला. तिथल्या खर्चावर १ टक्का कॅशबॅक मिळाला असं धरलं तरी दोनच हजार परत येतात.

भाच्याचं कार्ड इथे सरस ठरेल असं वाटतं. पाच हजार फीच्या कार्डांवर मार्कअप बऱ्याचदा २ टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढा धरला तर जीएसटीसह दोन लाखांवर ४,७२० होतात. म्हणजे साध्या कार्डापेक्षा ३,५४० रुपये वाचले. फी मात्र जीएसटी धरून ५,९००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पहिल्या वर्षी फीच्या बदल्यात व्हाउचर देतात हे खरं आहे. ते कुठल्या दुकानाचं आहे आणि तिथे तुम्ही एरवी पाऊल ठेवता का, तेवढं भाच्याला विचारा. दुसऱ्या वर्षी फी येतेच आणि जर्मनी येत नाही.

मग करायचं काय? ज्यावर मार्कअपच नाही असं एक फुकट कार्ड फक्त या प्रवासासाठी घ्यायचं. अशी कार्डं आहेत. आयडीएफसी फर्स्ट बँकेचं मुदत ठेवीवर मिळणारं ‘वॉव’, फेडरल बँकेचं ‘स्कॅपिया’ ही त्यातली लोकांना ठाऊक झालेली नावं. अटी बदलत राहतात, तेव्हा शून्य मार्कअप आणि शून्य वार्षिक फी या दोन गोष्टी घ्यायच्या दिवशीच्या शुल्कपत्रकात स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. स्टॉलवरच्या मुलाच्या तोंडून ऐकून नको. तो मुलगा वाईट नसतो, त्याला टार्गेट असतं. शून्य मार्कअपच्या कार्डावर युरोचे रुपये होतात ते व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या त्या दिवसाच्या दराने, आणि तो दर बाजारभावाच्या अगदी जवळ असतो.

मुदत ठेवीवरचं कार्ड मला तुमच्यासाठी अधिक बरं वाटतं. पगाराचे कागद, सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) यांची कटकट कमी होते, ठेवीवरचं व्याज चालू राहतं आणि मर्यादा ठेवीएवढी किंवा तिच्या जवळपास मिळते. एक लाखाची ठेव ठेवलीत तर दोन लाखांचा खर्च एकदम मावणार नाही. पण दहा दिवसांनी मोबाईलवरून बिलाचे पैसे भरून टाकले की मर्यादा पुन्हा मोकळी होते. देय तारखेची वाट बघायची सक्ती नाही. हे कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचंच घ्या. गणपती पेठेसाठी रुपे चांगलं म्हटलं, पण युरोपात त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरा पर्याय प्रीपेड फॉरेक्स कार्डाचा, ज्यात इथेच रुपये देऊन युरो भरून घ्यायचे. वाईट नाही. दर आजच ठरतो, पुढे युरो महागला तरी काळजी नाही. पण त्यात नफा दरातच लपवलेला असतो. बाजारात युरो कितीला आहे आणि तुम्हाला कितीला देताहेत, यातला फरक टक्क्यांत काढून बघा. शिवाय परत आल्यावर उरलेले युरो रुपयांत फिरवताना पुन्हा थोडं कापून जातं.

टीसीएसची भीती मनातून काढा. परदेशात क्रेडिट कार्डावर केलेला खर्च परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत (तिथे ठरावीक रकमेच्या वर टीसीएस लागतो) धरायचा, असं सरकारने मे २०२३ मध्ये ठरवलं होतं, पण जूनअखेर तो निर्णय पुढे ढकलला. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे त्या योजनेत मोजले जातात, पण एप्रिल २०२५ पासून तिथे टीसीएस न लागण्याची मर्यादा वर्षाला दहा लाखांची झाली आहे. तुम्ही त्याच्या आसपासही नाही. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलंत तर टीसीएस लागला असता. तोही बुडीत नसतो, विवरणपत्र भरताना करात वळता होतो.

विमानाचं तिकीट मात्र दिरांनी सुचवलेल्या कॅशबॅक कार्डावर काढा. ते रुपयांत, भारतात, ऑनलाइन काढायचं असतं, तिथे मार्कअपचा प्रश्न येत नाही. दोघांचं मिळून लाख-सव्वा लाखाचं तिकीट झालं तर त्या वर्षी दोन लाखांची अट सहज पुरी होते आणि फी माफ. तिकिटावर ५ टक्के म्हणजे सहा हजार, असं मनात धरू नका. बहुतेक कार्डांवर एका बिलात मिळणाऱ्या कॅशबॅकला कमाल मर्यादा असते. ती दोन हजार असेल तर मिळणार दोन हजार. आणि मर्यादेला चकवायला दोघांची तिकिटं दोन वेगळ्या महिन्यांत काढायचा उद्योग करू नका. त्या महिन्याभरात भाडं किती चढेल याचा नेम नाही. तिकीट परदेशी विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढत असाल तर किंमत रुपयांत दिसली तरी पैसे घेणारी कंपनी परदेशात नोंदलेली असू शकते, आणि मग काही बँका त्यावरही शुल्क लावतात. भारतीय पोर्टलवर तोच दर मिळत असेल तर तिथूनच काढा.

कार्डासोबत ‘मोफत प्रवास विमा’ मिळतो असं भाचा सांगेल. शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारी पॉलिसी लागते आणि तिचं पत्र अर्जासोबत जोडावं लागतं. कार्डावरचा विमा बहुतेक वेळा विमान अपघाताचा असतो, त्यावर व्हिसा मिळत नाही. वेगळी पॉलिसी काढायचीच आहे हे धरून चला, आणि कार्डाच्या किमतीत त्या मोफत विम्याचा एक रुपयाही मोजू नका.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड परदेशासाठी बंदच येतं. पिन लावून घ्या आणि इथे एकदा वापरून बघा. ओटीपी सांगलीतल्याच मोबाईल नंबरवर येणार, तेव्हा ते सिम रोमिंगसह चालू राहू द्या. जर्मनीत दुकानाच्या मशिनवर कधी कधी विचारतात, युरोत देणार की रुपयांत? रुपये बघून बरं वाटतं, आपलं वाटतं. नेहमी युरोच निवडा. रुपयांचा पर्याय निवडला की दर त्या मशिनवाल्याचा लागतो, तो महाग असतो, आणि शून्य मार्कअपचं कार्ड घेऊन काहीही उपयोग होत नाही. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. त्यावर वेगळं शुल्क लागतं आणि बहुतेक कार्डांवर व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. तिकडे छोट्या बेकऱ्या, आठवडी बाजार अजून रोखीवर चालतात. तेवढे युरो मुलीच्या खात्यातून घ्या आणि मायलेकींचा हिशेब घरी करा.

हे सगळं गणित बिल पूर्ण भरण्यावर उभं आहे. ‘किमान देय रक्कम’ भरून बाकी पुढे ढकललीत तर व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. शिक्षिकेला हे सांगायला नको, पण ऑटो-डेबिट लावताना ॲप ‘किमान’ की ‘संपूर्ण’ असं विचारतं, तिथे संपूर्ण निवडलंय ना एवढं बघा. पुष्कळांचं तिथेच चुकतं.

राहिलं कपाटातलं जुनं कार्ड. ५९० म्हणजे ५०० फी आणि ९० जीएसटी. बँकेला फोन करून सांगा, फी माफ करा किंवा हेच कार्ड बिनफीच्या प्रकारात बदलून द्या. बदलून मिळालं तर ठेवा, जुनं खातं सिबिलच्या दृष्टीने चांगलं असतं. नाही म्हणाले तर आधी त्यावरचे पॉइंट वापरून टाका, बाकी शून्य करा आणि बंद करायचा लेखी अर्ज ईमेलने पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. फोनवरची मुलगी एखादी नवी ऑफर सांगून थांबवायला बघेल. तिला नम्रपणे ईमेलचा पत्ता विचारा. हा अर्ज नवी कार्डं हातात आल्यावर करा, आधी नको.